मदत हवी आहे: लाकडी पेन कातायचे आहेत

नमस्कार मंडळी. पुण्यात राहतो, हौस म्हणून सुतारकाम करतो. आता मिनी लेथवर (लाकूड फिरवत ठेवून कातायचं छोटं यंत्र) पेन कातायला घेतोय. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून शिसवीचे तुकडे आणलेत, ७ मिमी पितळी नळीचं स्लिमलाइन किटही (बारीक पेनाचे तयार सुटे भाग) आहे.

अडचण नळी बसवायच्या भोकाची. ड्रिल प्रेसवर (उभं भोक पाडायचं यंत्र) बिट खाली जाता जाता तिरकं होतं. तुकडा लेथच्या चकमध्ये (पकडणाऱ्या जबड्यात) धरून पाडलं तर सरळ येईल का? कातताना मॅन्ड्रेल (तुकडे ओवून धरणारी सळई) घ्यावा की दोन सेंटरमध्येच (लेथच्या दोन टोकांच्या आधारांत) कातावं? मॅन्ड्रेल जास्त आवळला की वाकतो म्हणतात.

फिनिशला बहुतेक जण सुपरग्लू लावतात. मला मात्र मनापासून लाखच हवी आहे, कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांवर फिरत्या लाकडाच्या घर्षणाने वितळून बसते तशी. रोज हातात राहणाऱ्या पेनवर, घामाने, ती टिकेल? कुणी वापरली असेल तर जरूर सांगा.