शब्दचर्चा: ‘दीक्षा घेतली’ की ‘चीवर घेतलं’?

खर्डेघाशी
नमस्कार मंडळी. एका वाक्यावर दोन दिवस अडून बसलेय, म्हणून धागा काढते.

पायी चालणाऱ्यांच्या सुरक्षेवरचा एक लांबलचक लेख मराठीत आणायचं काम हातात आहे. त्यात बँकॉकचं एक प्रकरण येतं. २१ जानेवारी २०२२ ला तिथे झेब्रा क्रॉसिंगवरून रस्ता ओलांडणाऱ्या एका डोळ्यांच्या डॉक्टर बाईंना भरधाव दुकाती मोटरसायकलने उडवलं. त्या गेल्या. मोटरसायकलवर विशीतला पोलीस शिपाई होता. काही दिवसांतच तो मुंडन करून विहारात दाखल झाला, सोबत त्याचे वडीलही. गेलेल्या डॉक्टरांना पुण्य लाभावं म्हणून, असं कारण दिलं गेलं. लोक खवळले. खटला डोक्यावर असताना याला चीवर (भिक्खूचं वस्त्र) दिलंच कुणी, हा त्यांचा सवाल. थोड्याच दिवसांत तो परत गृहस्थ झाला.

मी लिहिलं: ‘अपघातानंतर त्याने बौद्ध दीक्षा घेतली.’ आमची मुद्रितं तपासणारे काका नागपूरचे. त्यांचा फोन आला, “ताई, थायलंडचा पोरगा आधीच बौद्ध. त्याने कशातून निघून कशात दीक्षा घेतली?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर प्रश्न दोन. एक, या कृतीला मराठीत काय म्हणायचं? दोन, तो जे साधायला गेला त्याला काय म्हणायचं? पापक्षालन, प्रायश्चित्त, परिमार्जन, उद्धार... सगळे लिहून पाहिले, सगळे थोडेथोडे टोचतात.

आजोळ_नागपूर
जयभीम ताई. काकांचं बरोबर आहे. मराठीत ‘बौद्ध दीक्षा’ म्हटलं की १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर, बाबासाहेब, बावीस प्रतिज्ञा. ती धम्मदीक्षा. ती घेऊन माझे आजोबा दुसऱ्या दिवशी गिरणीत कामाला गेले. संसार, नोकरी, पोरंबाळं सगळं जागेवर. तुमचा शिपाई गेला तो संसार सोडून (का होईना, थोडे दिवस). दोन्हींना एकच शब्द वापरलात तर आमच्याकडचा वाचक पहिल्याच ओळीला अडखळणार, आणि थोडा दुखावणारही.

आमच्या इकडे उन्हाळ्यात श्रामणेर (शिकाऊ भिक्खू) शिबिरं होतात, दहा-दहा दिवसांची. माझा बँकेतला मामा रजा टाकून बसला होता. घरात कुणी ‘मामाने दीक्षा घेतली’ म्हणालं नाही. ‘मामा श्रामणेर झालाय’ किंवा ‘मामाने चीवर घेतलं’. दहाव्या दिवशी ‘चीवर उतरवलं’. मामी शेजारणीला सांगायची, “ते आत्ता भंतेजी आहेत, सोमवारपासून पुन्हा कॅशियर.”

तिरपागडे
एवढा खल कशाला? आपल्याकडे म्हण तयार आहे: करून करून भागले नि देवपूजेला लागले.

खर्डेघाशी
ती आठवली होती, पण बसत नाही हो. ‘भागले’ म्हणजे थकले. जन्मभर नको ते करून म्हातारपणी माळ ओढणाऱ्याला ती शोभते. हा पोरगा विशीतला, भागायला वेळच कुठे मिळाला? शिवाय त्या म्हणीत थट्टा आहे. बँकॉकच्या लोकांना हसू येत नव्हतं.

पालीपुरता
पाली शिकतोय, अजून कच्चा आहे, चुकलो तर कान धरा.

नेमका शब्द हवा तर दोन टप्पे वेगळे ठेवा. ‘पब्बज्जा’ (संस्कृत प्रव्रज्या) म्हणजे घरातून बाहेर पडणं. धातू व्रज्, जाणं. परिव्राजक त्यातलाच. त्याने माणूस श्रामणेर होतो. पूर्ण भिक्खू होण्याचा विधी ‘उपसंपदा’, त्याला वीस वर्षं पुरी लागतात. थाई लोक रोजच्या बोलण्यात याला ‘बुअत’ म्हणतात, तो शब्दही पब्बज्जेतूनच आलेला. तिथे पुष्कळ पुरुष आयुष्यात एकदा थोड्या दिवसांसाठी बुअत होतातच. लग्नाआधी, आईवडिलांसाठी, घरात कुणी गेलं तर अंत्यविधीच्या दिवशी. सरकारी नोकराला त्यासाठी पगारी रजाही मिळते. मुलाच्या पिवळ्या वस्त्राचा पदर धरून आईबाप स्वर्गी जातात, असा त्यांच्याकडे वाक्प्रचार आहे. म्हणजे पोराची कृती तिकडच्या डोळ्यांना विचित्र नाही. विचित्र होती ती वेळ.

आता गंमत बघा. उपसंपदेच्या वेळी संघासमोर उमेदवाराला प्रश्न विचारतात. माणूस आहेस ना? स्वतंत्र आहेस ना? कर्जमुक्त आहेस ना? आईवडिलांची परवानगी आहे ना? त्यातला एक: ‘नसि राजभटो?’ राजभट म्हणजे राजाचा भटजी नव्हे! भट म्हणजे पगारी शिपाई. तू राजाच्या चाकरीत तर नाहीस ना? बिंबिसाराचे सैनिक सीमेवरच्या लढाईला जायचं टाळून भिक्खू व्हायला लागले, तेव्हा हा नियम आला, असं विनयपिटकातल्या (भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातल्या) महावग्गात आहे. चीवराआड लपणं तेव्हापासूनचं आहे.

तिरपागडे
आणि वाल्याचा वाल्मीकी? अंगुलिमालाचं काय? बोटांची माळ घालून हिंडणाऱ्याला बुद्धानेच भिक्खू केलं. मग शिपायावर एवढा राग का?

पालीपुरता
तिकडेच येत होतो. अंगुलिमालाचं सुत्त सगळ्यांना पाठ असतं, महावग्ग कुणी उघडत नाही. महावग्गात आहे: अंगुलिमाल चोर भिक्खूंमध्ये प्रव्रजित झालेला होता, त्याला बघून लोक घाबरायचे, तोंड फिरवायचे, वाट बदलायचे, दारं लावून घ्यायचे. आणि मग विनयातलं ते नेहमीचं त्रिकूट: ‘उज्झायन्ति, खीयन्ति, विपाचेन्ति’. संघाचं काही खटकलं की लोक हे तीन करतात. माझं कच्चं मराठी: कुरकुरतात, नावं ठेवतात, बोभाटा करतात. त्यानंतर बुद्धाने नियम घातला की ‘धजबन्ध’ चोराला प्रव्रज्या देऊ नये. झेंडा बांधून हिंडावं तसा ज्याचा लौकिक, तो. आपल्या पेपरांतला ‘नामचीन गुंड’.

अंगुलिमालाला काढून टाकलं नाही, पण त्याच्यासारखा पुढचा नको, हे ठरलं. लगोलग तुरुंग फोडून आलेला, नाव लिहून जाहीर केलेला चोर, कर्जदार, सगळ्यांना दार बंद. तुरुंग फोडणाऱ्याच्या गोष्टीत लोक म्हणतात, ‘अभयूवरा इमे समणा सक्यपुत्तिया’, म्हणजे या शाक्यपुत्र श्रमणांना अभय आहे, यांचं कुणी काही करू शकत नाही. कारण संघात गेलेल्याला हात लावू नये, असं बिंबिसाराने सांगून ठेवलं होतं. बँकॉकची आरडाओरड शब्दशः हीच. आणि थायलंडच्या आजच्या संघनियमांतही फौजदारी खटल्यातल्या आरोपीला उपसंपदा देऊ नये असं आहेच. लोक नियमाकडेच बोट दाखवत होते.

म्हणून तिरपागडेसाहेब, ‘वाल्याचा वाल्मीकी’ इथे नको. वाल्यावर वारूळ चढलं होतं. आणि अंगुलिमाल भिक्षेला गेला तेव्हा कुणी ढेकूळ मारलं, कुणी काठी, कुणी खापर. डोकं फुटलेलं, पात्र फुटलेलं, संघाटी (वरचं चीवर) फाटलेली, असा तो परत आला. बुद्ध म्हणाला, सहन कर, ब्राह्मणा, सहन कर. चीवराने त्याचे दगड अडवले नाहीत.

शिळोप्या
अवांतर, पण थायलंडला हा राग नवा नाही. हुकूमशहा थनोम कित्तिकाचोर १९७३ च्या ऑक्टोबरात विद्यार्थ्यांच्या आंदोलनाने देशाबाहेर गेला. १९ सप्टेंबर १९७६ ला परतला तो सिंगापूरमध्ये श्रामणेर होऊन, चीवर घालून. तडक बँकॉकच्या बोवोन्निवेत विहारात. राजघराण्याशी जवळचा विहार. वडील आजारी आहेत, हे कारण. विद्यार्थी पुन्हा रस्त्यावर आले. निषेधाची पत्रकं लावणारे दोन वीज कामगार नाखोन पाथोममध्ये मारून टांगलेले सापडले. ६ ऑक्टोबरला थम्मासात विद्यापीठात विद्यार्थ्यांवर जो हल्ला झाला त्यात सरकारी आकड्यानेच ४६ जण मेले. तिकडच्या माणसाला ‘आरोपी चीवरात’ म्हटलं की हे आठवत असणार. भाषांतरात एवढी पार्श्वभूमी आणता येत नाही, पण शब्द फार गोंडस नको.

खर्डेघाशी
धन्यवाद. पहिला प्रश्न सुटला: ‘चीवर घेतलं’. आता दुसरा. पापक्षालन म्हटलं की मला नाशिकची गोदावरी दिसते. बुडी मारली, क्षालन झालं. प्रायश्चित्त दुसऱ्याने नेमून द्यायचं असतं, इथे याने आपलं आपण घेतलं. परिमार्जन फारच शासकीय.

आजोळ_नागपूर
त्याने पुण्य कुणाला द्यायचं म्हटलं होतं? गेलेल्या डॉक्टरांना. मग आपल्याकडे शब्द तयार आहे. माणूस गेला की आमच्या पत्रिकेवर छापतात: ‘जलदान विधी व पुण्यानुमोदन कार्यक्रम’. पुण्य करायचं नि गेलेल्याला त्यात सहभागी करून घ्यायचं. पण ताई, पुण्यानुमोदन घरचे करतात. ज्याच्या गाडीखाली माणूस गेला त्याने करायचं, हे ऐकूनच कसंतरी होतं. राग तिथला असेल.

उंबरा
वाचत होते नुसती. एक सांगते, शब्दाला उपयोगी पडलं तर बघा.

माझा मोठा भाऊ टेम्पोखाली गेला. टेम्पोवाल्याने त्याच आषाढीला माळ घातली, पायी वारी केली. गावात लोक म्हणायचे, बघा, माणूस बदलला. बदललाही असेल. दिंडी आमच्या दारावरून गेली. तो टाळ घेऊन खाली मान घालून चालत होता. आई उंबऱ्यात उभी होती. तो थांबला नाही. एरवी त्याची माळ शर्टाच्या आत असायची. कोर्टाच्या तारखेला मात्र शर्टावर काढलेली असायची. आई तेवढंच बोलायची, “आज माळ बाहेर आलीय, म्हणजे तारीख आहे.”

पालीपुरता
ताई, यावर काय बोलू. फक्त शब्द सांगतो. धम्मपदात ‘कासावकण्ठा’ आहे. ज्यांच्या गळ्याशी काषाय वस्त्र आहे असे. ‘कासावकण्ठा बहवो पापधम्मा असञ्ञता’, गळ्याशी काषाय असलेले पुष्कळ जण पापी नि असंयमी असतात. आणि त्याच धम्मपदात अगदी सुरुवातीला शब्दावरचा खेळ: ‘अनिक्कसावो कासावं यो वत्थं परिदहिस्सति’. कसाव म्हणजे मनाचा मळ, कासाव म्हणजे काषाय वस्त्र. एका काना-मात्रेचा फरक. मळ न काढता जो हे वस्त्र नेसेल तो त्याला लायक नाही.

तिरपागडे
उंबराताई, माझी वरची म्हण मागे घेतो.

शिळोप्या
सगळ्यांनी एक शब्द टाळलाय: शरण. ‘आरोपी पोलिसांना शरण’ हा आपला रोजचा मथळा, आणि विहारात ‘बुद्धं सरणं गच्छामि’. पालीत सरण म्हणजे आसरा, मराठीत शरण म्हणजे हत्यार खाली ठेवणं. एकात माणूस वाचतो, दुसऱ्यात सापडतो. बँकॉकच्या लोकांना दुसऱ्या अर्थाने शरण गेलेला हवा होता, मिळाला पहिल्या अर्थाने.

खर्डेघाशी
वा! पण न्यायाने बोलायचं तर तो फरार नव्हता, गुन्हा दाखल झालेला होता. मनापासून गेला की वकिलाच्या सांगण्यावरून, हे मला ठाऊक नाही, मूळ लेखकालाही नाही. म्हणून हेतू सांगणारं क्रियापदच नको असं वाटायला लागलंय. मसुदा असा:

‘खटला उभा राहायच्या आधीच त्याने वडिलांसह चीवर घेतलं, मृत डॉक्टरांना पुण्य लाभावं म्हणून, असं सांगण्यात आलं. डॉक्टरांच्या मरणाचा जाब द्यायचा सोडून हा चीवराआड गेला, असं म्हणत लोक संतापले. थोड्याच दिवसांत त्याने चीवर टाकलं.’

‘पापक्षालन’ कुठेच घातलं नाही.

आजोळ_नागपूर
छान. फक्त शेवटचं ‘टाकलं’ बदला. चीवर टाकत नाहीत, उतरवतात. माणूस कसाही असो, वस्त्राची घडी करून भंतेंच्या हातात द्यावी लागते. मामाने दिली होती.

पालीपुरता
पालीत याला ‘विब्भमति’ म्हणतात, पण ते मराठीत आणलंत तर लोकांना वाटेल त्याला भ्रम झाला. ‘उतरवलं’च ठेवा.

खर्डेघाशी
ठेवलं. काकांना पाठवते आता.