मदत हवी आहे: पेशंट पालथा केल्यावर श्वासनलिकेतली ट्यूब (श्वासाची नळी) जागेवर कशी ठेवायची?

ओटी_परळ
मी ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियन आहे. आमच्याकडे मणक्याची ऑपरेशनं वाढली आहेत, पेशंट दोन-तीन तास पालथा असतो. लाळ आणि पावसाळ्यातला घाम यामुळे टेप सुटायला लागतो. शिवाय उताणं असताना २१ सेंमीच्या खुणेवर बांधलेली ट्यूब वळवल्यावर आत सरकली का, हे कसं कळणार? दातांजवळचा आकडा तर तोच दिसतो. निर्णय भूलतज्ज्ञ मॅडमचाच, पण तयारी माझ्याकडे असते. काय काय बघू?

दादरची_भूल
आकडा तोच राहतो, टोक हलतं. हनुवटी छातीकडे झुकली की टोक खाली, मान मागे गेली की वर; मोठ्या माणसात दोन्ही बाजूंना साधारण २ सेंमी. श्वासनलिका जेमतेम १०-१२ सेंमी लांब, त्यामुळे एवढं सरकणं पुरेसं असतं. टोक खाली गेलं तर बहुतेकदा उजव्या फुप्फुसात शिरतं, कारण तिकडची नळी रुंद आणि सरळ आहे.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची: कॅप्नोग्राफचा (बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख छान दिसला म्हणजे ट्यूब श्वासमार्गात आहे एवढंच ठरतं. ती एकाच फुप्फुसात असली तरी आलेख छानच दिसू शकतो. एअरवे प्रेशर (श्वासमार्गातला दाब) आधीपेक्षा वाढलं का ते बघा आणि स्टेथोस्कोप मॅडमच्या हातात द्या. वळवल्यावर, डोकं शेवटच्या स्थितीत ठेवून, ड्रेप (निर्जंतुक चादरी) टाकण्याआधी दोन्ही काखांत ऐकायचं. सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) उतरायची वाट बघू नका, ते उशिरा उतरतं. हनुवटी आणि छाती यांच्यात निदान दोन बोटं जागा हवी.

कफ प्रेशर (ट्यूबच्या टोकाजवळच्या फुग्यातला दाब) मॅनोमीटरने २०-३० सेंमी पाण्याच्या दरम्यान ठेवा. नायट्रस (भुलीचा वायू) चालू असेल तर ते हळूहळू वाढतं, मधेमधे मोजा.

मुलुंडची_सिस्टर
टेपबद्दल. वरच्या जबड्यावर, गालाच्या हाडाकडे चिकटवा. खालचा जबडा हलतो. त्वचा कोरडी पुसा, टिंक्चर बेंझॉइन लावा, पूर्ण सुकू द्या, मग डायनाप्लास्ट (चिकटपट्टी), आणि वर पारदर्शक ड्रेसिंग म्हणजे लाळ खाली शिरत नाही. बेंझॉइन डोळ्यांपासून लांब ठेवा. ट्यूब तोंडाच्या ज्या कोपऱ्यात आहे तो कोपरा वर राहील असं बघा, लाळ दुसरीकडून निथळते. लाळ कमी व्हायला ०.२ मिग्रॅ ग्लायकोपायरोलेट (लाळ आटवणारं औषध) द्यायचं का, हे मॅडमना आधीच विचारून ठेवा. दाढी असेल तर फीत बांधावी लागते. ती मानेवर आवळली की शिरा दबून चेहरा सुजतो.

फ्लेक्सोमेटॅलिक (आत तारेचं वेटोळं असलेली) ट्यूब दुमडत नाही हे खरं, पण चावली गेली तर तार चपटी होते आणि तशीच राहते. म्हणून दाढांमध्ये गॉजची मऊ गुंडाळी हवीच, जीभ मधे न अडकता. आणि वापरलेली फ्लेक्सो ईटीओ (इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक) करून पुन्हा घेऊ नका. तिचे थर सुटतात, आतला थर फुगून वाट बंद होते, बाहेरून काहीच दिसत नाही.

ओटी_परळ
खूप आभार. रात्री वळवायला एक वॉर्डबॉय मामा आणि मी, एवढेच असतो. आणि पालथं असताना ट्यूब निघालीच तर?

दादरची_भूल
दोघांत वळवू नका, सर्जनना हाक मारा. डोक्याशी भूलतज्ज्ञ, दोन्ही बाजूंना दोन-दोन, पायाशी एक. वळवतानाची एक-दोन-तीन मोजणी डोक्याशी उभी व्यक्तीच करणार. आधी १०० टक्के ऑक्सिजन, मग सर्किट (मशीनला जोडणाऱ्या नळ्या) सोडून वळवायचं आणि लगेच जोडायचं. जोडलेल्या सर्किटच्या ओढीने ट्यूब निघते. बोल्स्टर (लोड) छाती आणि कमरेखाली, पोट मोकळं. पोट दाबलं गेलं तर प्रेशर चढतं आणि मणक्याभोवतीच्या शिरांतून रक्तही जास्त जातं. डोळे आणि नाक हेडरेस्टला टेकत नाहीत ना, हे दर १५-३० मिनिटांनी बघा.

ट्यूब निघण्याची तयारी आधीच करायची. पेशंटची ट्रॉली ऑपरेशन संपेपर्यंत थिएटरच्या दारात उभी. वॉर्डात परत पाठवू नका. योग्य मापाचा एलएमए (घशात बसवायचा लॅरिंजियल मास्क), मास्क, सक्शन आणि नवी ट्यूब हाताशी. एलएमए पालथ्या पेशंटलाही बसवता येतो, त्याने वेळ मिळतो. तेवढ्यात सर्जन जखमेवर सलाइनचा निर्जंतुक मॉप ठेवतात आणि सगळे मिळून पेशंट उताणा करतात. पण आधी ट्यूब खरंच निघाली का बघा. सर्किट सुटलं असेल, कफ फुटला असेल किंवा ट्यूब चोंदली असेल. सक्शन कॅथेटर सहज आत गेला नाही तर अडथळा ट्यूबमध्येच आहे.