मदत हवी आहे : सांगलीतल्या लिनक्स मशीनचा डेस्कटॉप तासगावातून कसा चालवावा?

नमस्कार मंडळी,

२०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी सांगलीत कुठल्या गल्लीपर्यंत चढलं होतं, याचे नकाशे आम्ही काही जण क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या प्रोग्रॅममध्ये करतोय. पुढच्या पावसाळ्याआधी ते लोकांच्या हातात पडायलाच हवेत. सगळा डेटा सांगलीत विश्रामबागेतल्या एका डेस्कटॉपवर आहे. त्यावर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आणि एक्सएफसीई (हलकं डेस्कटॉप वातावरण) आहे. मी तासगावला राहतो. माझ्या लॅपटॉपवरही डेबियनच आहे.

'एसएसएच -एक्स' (तिकडच्या प्रोग्रॅमची खिडकी इकडे दाखवणारी कमांड) लावून क्यूजीआयएस उघडतं, पण मेनू खाली यायलाही वेळ लागतो. एक्स प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे लिनक्सवर खिडक्या दाखवायच्या या पद्धतीत, बऱ्याच गोष्टींसाठी दोन मशीनमध्ये सारखी ये-जा होते, त्यामुळे लाईन लांबची असली की असं होणारच. खरी अडचण वेगळीच आहे : नेट तुटलं की प्रोग्रॅमही बंद! आमच्याकडे वीज जाते तेव्हा राऊटरही जातो, म्हणजे अर्धवट काम गेलंच. सेशन तिकडे चालू राहावं आणि मी परत जोडलो की आहे तिथून पुढे काम करता यावं, एवढंच हवंय.

म्हणून एक्सआरडीपी (लांबून डेस्कटॉप उघडू देणारा सर्व्हर) बसवलं. तिकडच्या स्क्रीनवर त्याच युजरने लॉगिन केलेलं असेल तर इथे नुसता काळा पडदा दिसतो. आता एक्सटूगो की एसएसएच टनेलमधून (सुरक्षित जोडणीच्या आतून) टायगरव्हीएनसी, लांबून डेस्कटॉप चालवायच्या या दोन प्रोग्रॅममध्ये अडकलोय. राऊटरवर ३३८९ (आरडीपीचा) किंवा ५९०१ (व्हीएनसीचा) हे पोर्ट उघडे ठेवायचे नाहीत, हे मात्र पक्कं.

एक्सएफसीईवर यातलं काही रोज वापरणारं कुणी आहे का? आयबसने (लिनक्सवरच्या भाषा-टायपिंगच्या सोयीने) मराठी टायपिंग त्यात नीट होतं का? गावांची नावं देवनागरीतच भरायची आहेत.