आवडता बँड स्टेजवर ऐकला आणि मन उतरलं. पुन्हा जाऊ का?

दांडियाबाजारी
कॉलेजपासून ज्यांची गाणी पाठ आहेत तो बँड परवा बडोद्यात आला होता. नाव लिहीत नाही, इथे फॅनमंडळींची मारामारी नको. तिकीट साडेतीन हजार, वेळ सातची, मंडळी स्टेजवर आली पावणेनऊला. दहाला लाउडस्पीकर बंद, त्यामुळे सव्वा तासात उरकलं. त्यातही प्रत्येक अंतऱ्याला गायकाचा माइक आमच्याकडे. माझाच बेसूर गळा ऐकायला पैसे भरले का मी?

पण खुपलं ते वेगळंच. एका गाण्यात मधे व्हायोलिन आहे. ते हुबेहूब रेकॉर्डसारखं वाजलं, आणि स्टेजवर व्हायोलिनवाला कुणी नव्हताच! ड्रमर कानात इअरफोन घालून ट्रॅकच्या, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या वाजवण्याच्या, मागे मागे. एकही सोलो लांबला नाही. माझं सगळ्यात लाडकं गाणं तर चक्क खालच्या पट्टीत.

पुढच्या महिन्यात ते अहमदाबादला आहेत, मित्र तिकिटं काढतोय. जाऊ का?

गरब्याचा साउंडवाला
उभे कुठे होतात? आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्टेजपासून १०० मीटरवर असाल तर स्क्रीनवर काठी पडलेली आधी दिसते, ठोका पाव सेकंदाहून उशिरा येतो. मधे स्पीकरचे टॉवर असले तर त्यांनाही मोजून तेवढाच उशीर द्यावा लागतो. तो चुकला की एका ठोक्याचे दोन होतात आणि शब्द धुऊन जातात. पैसे वाचवायचे तर आयोजक आधी हेच टॉवर गाळतात.

ट्रॅक आता बऱ्याच मोठ्या शोमधे असतो. लाइट, स्क्रीन सगळं त्याच्यावर बांधलेलं, मग सोलो लांबवणार कसा? आपल्याकडे नवरात्रात गायक मैदान बघून लय चढवतो आणि ढोलवाला त्याला धरून राहतो. तुमचे कान त्यावर पोसलेत, साहेब.

दहाचं बंधन २००० सालच्या नियमांतलं. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. बडोद्यात ती सूट कुणासाठी राखून ठेवतात ते सांगायला नको.

सूरसागरची काकू
अरे, पट्टी उतरवली म्हणून रागावू नकोस. विशीत ज्या पट्टीत गायलं त्याच पट्टीत चाळिशीत गळा ताणण्यापेक्षा ते बरं. माझे आजोबा फैयाजखाँसाहेबांच्या, म्हणजे बडोद्याच्या दरबारी गवयांच्या, बैठकांना जायचे. घरी त्यांच्या तबकड्या होत्या, पण एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. आजोबा म्हणायचे, यात खाँसाहेब नुसते दाराशी येऊन जातात. त्यांच्यासाठी अस्सल गाणं बैठकीतलं आणि तबकडी ही त्याची आठवण. तुमचं उलटं झालंय. रेकॉर्ड अस्सल, आणि बँडही तिचीच नक्कल करायला स्टेजवर येतो. नक्कल बघायला अहमदाबाद गाठायचं कशाला? त्यापेक्षा छोट्या सभागृहात कुणी ट्रॅकशिवाय वाजवणारं शोध.

मांडवीतला
मी पुढे उभा होतो, मला जाम मजा आली. व्हायोलिनचं लक्षातच आलं नाही. कुणी सेवउसळ खायला जाताना ताटात कांदे मोजत नाही, भाऊ.

दांडियाबाजारी
@काकू, पटलं. पण ट्रॅक नसता तर त्यांना वाजवता आलं असतं का, हे आता डोक्यातून जाईना. @साउंडवाला, गेलोच तर उभं कुठे राहू?

गरब्याचा साउंडवाला
आवाज जुळवायचा मिक्सर जिथे मांडलेला असतो त्याच्या अगदी पुढे. इंजिनिअर तिथे बसून जे ऐकतो तेच तुम्हाला मिळेल. स्वस्तातल्या तिकिटावर तिथे सोडतील का, ते आधी विचारून घ्या.