मदत हवी आहे: कॉलेज फुटबॉलच्या प्लेऑफ कमिटीवर मीडियाचा प्रभाव पडतो हे दाखवायचं कसं?

रानपाखरू
मंडळी, तातडीने मदत हवी आहे, शुक्रवारी पेपर द्यायचाय. विषय वर लिहिलाय तोच. कमिटीचं रँकिंग आणि पोल शेजारी शेजारी ठेवले, कोरिलेशन काढलं, जवळजवळ एकला टेकलं, मला वाटलं सुटले. पण सरांनी ड्राफ्टवर एवढंच लिहून परत पाठवलंय की यावरून काहीच सिद्ध होत नाही. मग कशावरून होतं? दोन दिवस तेच एक्सेल उघडून बसलेय. कोणी केलंय का असं काही?

गोदाकाठ
कुठला पोल? एपीचा (असोसिएटेड प्रेसचा, पत्रकारांच्या मतांचा) की कोचेसचा? विदा कुठल्या वर्षांचा? चार टीमवाला प्लेऑफ की २०२४ पासूनचा बारावाला? कोर्स स्टॅट्सचा की जर्नालिझमचा? यातलं काहीच न सांगता कोणी काय सांगणार?

जुना_टेनिसबॉल
फुटबॉल म्हणजे अमेरिकेतला हाताने खेळतात तो ना? ही कमिटी कसली? आमच्या लहानपणी क्रिकेटची टीम निवडायच्या आधी पेपरवाले आपापले अकरा छापायचे आणि कट्ट्यावर त्यावरून भांडणं व्हायची, तसंच काहीसं दिसतंय.

गोदाकाठ
@जुना_टेनिसबॉल, हो तोच. तेरा जणांची कमिटी असते, बहुतेक युनिव्हर्सिट्यांचे अ‍ॅथलेटिक डायरेक्टर आणि माजी कोच. नोव्हेंबरपासून दर मंगळवारी रँकिंग काढतात, त्यावरून प्लेऑफला कोण जाणार ते ठरतं. आणि ते जाहीर होतं ईएसपीएन या चॅनलवर, जे प्लेऑफचे हक्कही विकत घेतं. धागाकर्तीचा प्रश्न तिथेच आहे, बरोबर ना?

तल्लाहासीकर
सिद्ध काय करायचंय त्यात, २०२३ बघा की! फ्लोरिडा स्टेट १३-०, एसीसी या कॉन्फरन्सची (टीमांच्या गटाची) चॅम्पियन, आणि पाचव्या नंबरवर ठेवून बाहेर. आत कोण, तर एक मॅच हरलेली अलाबामा. कारण काय दिलं, त्यांचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय मोडला म्हणून टीम आता तेवढी चांगली राहिली नाही. त्याच्याशिवाय लुईव्हिलला १६-६ हरवलं ते कोणी मोजलंच नाही. टीव्हीवर तो सगळा आठवडा अलाबामा, अलाबामा चालू होतं. त्या रविवारी दुपारी दूध आणायला गेलो तर काउंटरवरची मुलगी स्कॅन करता करता रडत होती. मी इथे आठ वर्षं आहे, फ्लोरिडा स्टेटचं हे गाव असं गप्प झालेलं पाहिलं नव्हतं.

हडसनकाठी
त्याच टीमला नंतर ऑरेंज बोल या सीझननंतरच्या मॅचमध्ये जॉर्जियाने ६३-३ धुतलं, ते नाही लिहिलं?

तल्लाहासीकर
निम्मी टीम खेळलीच नाही त्या मॅचला! जी पोरं सगळा सीझन जिंकली त्यांना बाहेर काढल्यावर कशासाठी उतरतील? निवड सीझनवरून करायची की अंदाजावरून, एवढंच सांगा.

हडसनकाठी
महत्त्वाचा खेळाडू नसेल तर ते धरायचं असं कमिटीच्या नियमातच आहे, मीडियाने सांगितलं म्हणून नाही. आणि ईएसपीएनचं एसईसी (अलाबामाची कॉन्फरन्स) नेटवर्क आहे तसं एसीसी नेटवर्कही त्यांचंच आहे. मग स्वतःच्याच एका कॉन्फरन्सला कशाला पाडतील? हा मुद्दा पेपरात आला नाही तर सर पुन्हा परत पाठवतील.

कोडकरी
सोप्पं आहे, पायथनमध्ये ग्रेंजर टेस्ट लाव, दोन आकड्यांतला कोणता आधी हलतो ते बघणारी. एपी आधी हलतो की कमिटी ते दोन मिनिटांत कळेल.

गोदाकाठ
कृपा करून हे करू नकोस. एका सीझनला जेमतेम सहा रँकिंग येतात, त्यावर कसली ग्रेंजर? शिवाय नोव्हेंबरनंतर एपीचे पत्रकारही मंगळवारचं रँकिंग बघूनच रविवारी मत देतात. दोन्हीकडून वारं वाहतंय.

कोडकरी
मग तुम्हीच सांगा.

परभणी_ते_फिनिक्स
भारतातून बघणाऱ्यांसाठी: फायनल तिकडे सोमवारी रात्री असते, म्हणजे आपल्याकडे मंगळवारी सकाळी सहाच्या सुमारास. अलार्म लावून ठेवा.

रानपाखरू
सॉरी, घाईत राहिलं. मास्टर्स, स्पोर्ट्स मीडियाचा कोर्स. एपी पोल, २०१४ ते २०२५. आणि २०१४ च्या आधी बीसीएस होतं, फॉर्म्युल्याने टीम निवडायची पद्धत, त्यात एपी फॉर्म्युल्यातच होता ना, तोही विदा घालू का?

गोदाकाठ
नको. एपी २००४ च्या सीझननंतर स्वतःहून बाहेर पडला, नंतर हॅरिस पोल आला. तिथे प्रभाव पडतो का हा प्रश्नच नाही, पत्रकारांची मतं थेट मोजली जात होती. प्रस्तावनेत दोन ओळी पुरेत. तिथेच हेही लिही की आताच्या कमिटीतही माजी पत्रकार बसलेत, पहिल्या कमिटीत स्टीव्ह वीबर्ग होते, नंतर केली व्हाइटसाइड.

आता मूळ प्रश्न. तुझं कोरिलेशन वर जाणारच, कारण शनिवारची मॅच दोघांनीही बघितलेली असते. म्हणून त्या शनिवारी ज्या टीम खेळल्याच नाहीत तेवढ्याच घे. मैदानावर काही घडलं नाही तरी नंबर का हलला? २०२५ चा शेवटचा आठवडा बघ. नोत्र दाम दहावी, एसीसीतली मायामी बारावी, दोघीही घरी बसलेल्या. रविवारी मायामी दहावी, नोत्र दाम अकरावी आणि बाहेर. मधल्या आठवड्यात एसीसी नेटवर्क मायामीने नोत्र दामला २७-२४ हरवलेली ऑगस्टमधली मॅच पुन्हा पुन्हा दाखवत होतं.

हडसनकाठी
पण मधली अकरावी टीम बीवाययू हरून खाली गेली, दोघी शेजारी आल्या, म्हणून आपसातला निकाल बघितला असं कमिटीने सांगितलंय. आणि मायामी पुढे फायनलपर्यंत गेली.

गोदाकाठ
फायनलला गेली यावरून निवड कशी झाली ते कळत नाही. बीवाययूचं कारण मात्र खरं आहे, म्हणून शेजारच्या टीमचा निकाल वेगळ्या कॉलममध्ये धरायचा. त्यानंतरही काही हलताना दिसलं तर मीडियाचं बोलता येईल.

तल्लाहासीकर
आणि २०१४ ची टीसीयूची टीम? तिसऱ्या नंबरवर असताना ५५-३ जिंकली आणि सहावी झाली! ती तर खेळली होती, मग ती यात बसणारच नाही.

रानपाखरू
गोदाकाठ, हे सुचलंच नव्हतं, खूप आभार. तल्लाहासीकर, टीसीयू वेगळ्या परिच्छेदात घेते, फ्लोरिडा स्टेटसोबत. फक्त कोणत्या शनिवारी कोण खेळलं नाही याची यादी कोणाकडे तयार आहे का? बारा सीझन हाताने करायला बसले तर शुक्रवार उजाडेल.

कोडकरी
२०१९ पासूनची आहे माझ्याकडे. व्यनि केलाय.