एटीएममधले भामटे: तुमचे अनुभव सांगा

सड्यावरची: कणकवली स्टँडजवळच्या एटीएमला आज चतुर्थीची रांग बघितली आणि आमच्या आबांचं कार्ड आठवलं. कार्ड चालेना, तर मागचा पोरगा म्हणाला, "काका, चिप पुसून देतो." शर्टाला पुसलं, परत दिलं. कार्ड त्याच बँकेचं, त्याच रंगाचं, नाव भलत्याचंच! पिन त्याने खांद्यावरून आधीच बघितलेला. आबा घरी पोचायच्या आत वीस हजार साफ. लिहा तुमचेही. मी घावणे घालतेय, मधे मधे येईन.

खाडीकाठ: आमच्याकडे मशीन खडखडलं, नोटा नाहीत. वॉचमनने नोटांच्या फटीतून चिकट पट्टी ओढली, नोटा तिला मागून चिकटलेल्या. आपण वैतागून निघालो की भामटा येऊन काढतो. हलू नका तिथून.

हापूस६५: बाय गो, आबांचे पैशे गावले काय?

सड्यावरची: अजून नाही. कार्ड लगेच ब्लॉक केलं, त्याच रात्री सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, 1930 ला फोन. बँकेत अर्ज फिरतोय.

निवृत्त कॅशियर: लेखी पोच घेतलीत ना? रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम: चूक बँकेचीही नाही, आपलीही नाही, तर तीन कामाच्या दिवसांत कळवल्यास भुर्दंड आपल्यावर नाही. पिन आपणच कुणाला दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. बँक नेमकं यावरच अडून बसते.

मालवणी मसाला: कॅन्सल दोनदा दाबलं की पिन चोरता येत नाही म्हणे?

निवृत्त कॅशियर: थाप आहे. उलटा पिन दाबला की पोलीस येतात, तीही. दुसऱ्या हाताने कीपॅड झाका, वर बारका कॅमेरा असू शकतो.

मालवणी मसाला: आमचे हे अजून दोनदा दाबतात, गाऱ्हाणं घातल्यासारखे 😂

वाडीतली सून: स्टेट बँकेत दहा हजार नि वर काढायला ओटीपी लागतो, बरंच आहे. पण मामंजी मोबाईल घरी चार्जिंगला लावून बाजारात जातात! मग ओटीपी मी वाचून सांगते फोनवर, दुकानदाराच्या. सगळं दुकान ऐकतं.

खाडीकाठ: 🙏🙏 त्यापेक्षा नऊ हजार काढायला सांगा

हापूस६५: लाईट गेल्याने मशीनमध्ये अडकलेले माझे पैशे पाच दिवसांत आपोआप आले. उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये बँक देते.

मालवणी मसाला: घावण्यांना तांदूळ कुठला गो?

सड्यावरची: जुना. रात्रभर भिजवून. तव्याला कांदा फिरव आधी.

वाडीतली सून: तुतारी एक्स्प्रेसचं तिकीट आहे का कुणाकडे जास्तीचं? नणंद दादरला अडकलीय.