टेक्ट्रॉनिक्स ४६५ : दिवा लागतो, पण पडद्यावर रेषा येत नाही

विचारणा (साखर पेठ, सोलापूर)

नमस्कार. एका शैक्षणिक संस्थेच्या भंगार लिलावातून मी टेक्ट्रॉनिक्स ४६५ हा १०० मेगाहर्ट्‌झचा, दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप (विद्युत लहरी पडद्यावर रेषेने दाखवणारे यंत्र) घेतला आहे. तो बरीच वर्षे एका यंत्रमाग कारखान्याशेजारच्या खोलीत पडून होता, त्यामुळे झाकण काढले तेव्हा आत कापसाच्या तंतूंचा करडा थर साचलेला दिसला. व्होल्टेज सिलेक्टर २३० वर आहे, फ्यूज शाबूत आहे, पॅनेलवरचा दिवाही लागतो. परंतु रेषा उमटत नाही आणि बीम फाइंडचे (पडद्याबाहेर गेलेली रेषा शोधून देणारे) बटण दाबूनही काही दिसत नाही. सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे भाग) एकदम बदलून टाकावेत, असा सल्ला मला मिळाला आहे. सुरुवात तिथूनच करावी का?

उत्तर (होटगी रोड)

कृपया तिथून सुरुवात करू नका. सरसकट कपॅसिटर बदलताना जुन्या बोर्डाचे तांब्याचे पट्टे उचकटतात, आणि मूळ बिघाडात आपल्या हातून झालेल्या नव्या बिघाडांची भर पडली की दोन्ही वेगळे ओळखणे फार अवघड होते. आधी मऊ ब्रशने आणि हलक्या हवेने तंतू काढा. त्यानंतर १०० वॅटचा साधा बल्ब यंत्राच्या वीजवाटेत सिरीजमध्ये लावून यंत्र चालू करा. बल्ब प्रखर पेटून तसाच राहिला, तर आत कुठेतरी जास्त करंट ओढला जात आहे असे समजावे.

मात्र सिरीज बल्बवर आतले व्होल्टेज खाली येते, म्हणून धोका नाही याची खात्री झाल्यावर बल्ब काढून मगच उणे ८ आणि अधिक ५, १५, ५५ व ११० व्होल्टच्या आतल्या पुरवठ्याच्या लाइन मोजा. एकही लाइन कमी असेल, तर पडदा किंवा व्हर्टिकल ॲम्प्लिफायर (रेषा वर-खाली हलवणारा भाग) यांच्याकडे वळण्याचे कारण नाही. या मॉडेलमध्ये १५ व्होल्टच्या लाइनवरचा एखादा थेंबाच्या आकाराचा टँटलम (या धातूचा) कपॅसिटर शॉर्ट होणे हा नेहमीचा आजार आहे.

उत्तर (जुळे सोलापूर)

वरील मताशी मी सहमत आहे, फक्त एक इशारा जोडतो. पिक्चर ट्यूबच्या कॅथोडवर उणे दोन हजार व्होल्टपेक्षा जास्त आणि ॲनोडवर त्याच्या कितीतरी पट विद्युतदाब असतो, व तो यंत्र बंद केल्यावरही काही काळ टिकतो. त्या भागात हात घालू नका, आणि अर्थिंगची पिन कधीही तोडू नका.

रेषा परत आल्यावर ब्राइटनेस अगदी कमी ठेवा, कारण एकाच जागी थांबलेला तेजस्वी ठिपका फॉस्फर जाळतो आणि तो डाग पुन्हा जात नाही. व्होल्ट्स-पर-डिव्हिजनच्या (पडद्यावर लहर किती उंच दिसावी ते ठरवणाऱ्या) कॅम स्विचमध्ये फवारा मारण्याचाही मोह टाळा. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली कागदाची पट्टी सोन्याचा मुलामा दिलेल्या पात्यांमधून हळुवार ओढावी. कापसाचा बोळा तर मुळीच वापरू नये, कारण त्याचे तंतू पात्यांत अडकतात आणि पाती वाकतात.

विचारणा करणाऱ्याकडून

आपण दोघांचेही मनापासून आभार. १५ व्होल्टची लाइन शून्याजवळ होती आणि यंत्र बंद असताना तिथे केवळ दीड ओहम रेझिस्टन्स मिळाला. पण त्या लाइनवर टँटलम पुष्कळ आहेत. प्रत्येकाचा पाय न सोडवता दोषी कोणता हे कसे ओळखावे?

उत्तर (होटगी रोड)

यंत्राची वायर प्लगमधून काढून ठेवा. बेंच सप्लाय (दाब आणि करंट ठरवता येणारा वेगळा वीजपुरवठा) अर्ध्या व्होल्टच्या आसपास आणि करंट मर्यादित ठेवून त्या लाइनला जोडा. इतक्या कमी दाबाला सिलिकॉनचे भाग जवळजवळ जागे होत नाहीत, करंट मुख्यतः शॉर्टमधूनच जातो. आता मिलिव्होल्ट रेंजवर मीटर ठेवून एकेका कपॅसिटरच्या पायांवर थेट मोजत चला. शॉर्टकडे जाताना आकडा उतरत जातो, आणि जिथे तो सर्वांत कमी होतो, तो कपॅसिटर संशयित. बदलताना निदान ३५ व्होल्टचा टँटलम घ्या आणि धन पायाची खूण दोनदा पडताळा.

विचारणा करणाऱ्याकडून

सापडला. इतरत्र ४० ते ५० मिलिव्होल्ट येत असताना व्हर्टिकल बोर्डाच्या कडेच्या एका निळ्या थेंबावर आकडा १८ पर्यंत उतरला. तो काढताच लाइनवरचा शॉर्ट गेला. नवा बसवून यंत्र लावले तेव्हा सुमारे अर्ध्या मिनिटाने हिरवी रेषा उमटली. पुढच्या पॅनेलवरच्या कॅलिब्रेटरची १ किलोहर्ट्‌झची चौकोनी लहर लावून प्रोबचा (मोजणीच्या वायरीचा) ट्रिमर म्हणजे जुळवणीचा स्क्रू फिरवला, तेव्हा लहरीचे कोपरे सरळ आले. चॅनेल दोनवर खटका बदलताना रेषा अजून उडते. त्यासाठी उद्या कागदाच्या पट्ट्या कापून बसणार आहे.